ठेवणीतला कोंबडा

घोटीच्या आमच्या मिशनघरातील लोखंडी कपाटात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या ओळीने लावून ठेवलेल्या आहेत. कोण कधी जन्माला आले, कोणी कोणाचा हात धरला, कोण कोणत्या दिवशी मातीआड झाले, हे मी दोन मिनिटांत सांगू शकतो. परंतु त्याच भिंतीपलीकडे, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, एक पांढरी आडवी पेटी गेली तीन वर्षे अहोरात्र गुरगुरत पडून आहे. तिच्या पोटात काय आहे याची मात्र नोंद माझ्याजवळ नव्हती. माझ्याजवळच काय, ती कोणाजवळच नव्हती.

ही पेटी म्हणजे डीप फ्रीझर. मुंबईचे एक कुटुंब येथले आपले घर विकून परत गेले, तेव्हा जाताना त्यांनी ती आम्हाला देऊन टाकली. "फादर, तुमच्याकडे येणारे-जाणारे फार, उपयोगी पडेल," असे ते म्हणाले. टेम्पोतून ती उतरवायला चार माणसे लागली. तिचे झाकण उघडले की आत एक म्हैस बसेल एवढी जागा. रिकाम्या जागेला माणसाच्या मनावर काही विलक्षण ओढ घालता येते, हे मला त्या दिवसापूर्वी ठाऊक नव्हते. पहिल्या महिन्यात तिच्या तळाशी दोन पिशव्या होत्या. वर्ष सरता सरता झाकण लावण्यासाठी त्यावर गुडघा टेकवावा लागू लागला.

धर्मगुरूच्या घरी अन्न कसे येते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. ते तुमच्याच घरांतून येते. कोणाची गाय व्याली की चिकाची बाटली येते. कोणाच्या शेतात हुरडा झाला की ओंजळभर का होईना, फादरांचा वाटा निघतो. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, तेव्हा मुंबई-वसईकडच्या गाड्या आग्रा महामार्गाने आमच्या दारावरून जातात. त्यांतली एखादी हमखास थांबते आणि बर्फात घातलेली सुरमई, नाहीतर घरचा केक ठेवून पुढे जाते. नाताळात तर विचारूच नका. एकटा मनुष्य खाऊन खाऊन किती खाणार? पूर्वी फ्रीझर नव्हता, तेव्हा आलेले त्याच दिवशी वाटून टाकावे लागे. शेजारच्या मुलांना हाक मारली जाई, रस्त्यावरच्या कामगारांना बोलावले जाई, रात्री अवचित पंगत बसे. फ्रीझर आल्यापासून ती धांदल संपली. "नंतर बघू," असे म्हणायची सोय झाली.

या 'नंतर बघू'चे खापर मी एकट्या यंत्रावर फोडणार नाही. माझ्या रक्तातच काही साठवण आहे. मी संगमनेरकडचा. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, म्हणून मला त्यातले काही आठवत नाही; पण आमच्या घरात तो दुष्काळ पुढे तीस वर्षे जेवायला बसत असे. आई खडी फोडण्याच्या कामावर जात असे. तेथे मिळणारी सुकडी ती पदरात बांधून आम्हा मुलांसाठी आणी, आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापी. त्या भाकरी थापताना चिरफळत, हे ती सांगे तेव्हा तिचे हात हवेत थापू लागत. पुढे बरे दिवस आले. मुले मिळवती झाली. तरी उतरंडीचे एकही मडके रिकामे दिसले की तिला झोप लागत नसे. ती गेल्यावर आम्ही भावंडांनी तिची खोली आवरली, तेव्हा खाटेखाली रेशनच्या साखरेचे तीन पत्र्याचे डबे निघाले. साखरेचा दगड झाला होता. थोरल्या भावाने तो हातोडीने फोडला, आणि फोडता फोडता तो रडला. आम्ही ती साखर टाकली नाही. तेराव्याला आलेल्या आणि न आलेल्या सगळ्या गावाला तिचा चहा पाजला.

तेव्हा झाकण बसत नाही म्हणून गुडघा टेकवणारा हा फादर कोणाचा मुलगा आहे, हे मला कळत होते.

यंदाच्या उपवासकाळात एका रविवारी मी अन्नाच्या नासाडीवर प्रवचन केले. तयारी चांगली केली होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अहवाल हाताशी होता. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे साठ टक्के हॉटेलांतून वा दुकानांतून नव्हे, तर घराघरांतून गेले, हा आकडा मी सांगितला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, अन्न फेकून देणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरी करणे होय, अशा अर्थाचे उद्गार काढले होते, तेही सांगितले. आपल्या आज्या काय म्हणत? खाऊन माजावे, टाकून माजू नये. लोक माना डोलावत होते. प्रवचन संपवून घरी आलो, स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, आणि त्या शांततेत पेटी गुरगुरत होती.

तरीही मी ती उघडली नाही. ती उघडायला लावली आमच्या मावशींनी. मिशनघराचा स्वयंपाक गेली अकरा वर्षे त्या सांभाळतात, आणि माझ्याविषयीचे त्यांचे मत त्या भांड्यांच्या आवाजातून व्यक्त करतात. पुनरुत्थानाचा सण झाल्यावर दोन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "फादर, पाऊस तोंडावर आलाय. इकडची लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. आतलं सगळं सडलं की त्या वासाला मी हात लावणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." मावशींचे म्हणणे खरे होते. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत विजेची तार आमच्यापेक्षा आधी हार मानते. गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता अठ्ठेचाळीस तासांपर्यंत थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला चोवीस तास. पण येथला पाऊस घड्याळ बघून पडत नाही.

म्हणून एका सोमवारी सकाळी मी एक कोरी शंभर पानी वही घेतली, चष्मा पुसला आणि मावशी एकेक जिन्नस बाहेर काढू लागल्या. मी लिहीत होतो. नोंद करण्याची सवय असल्यामुळे मी रकानेही आखले: वस्तू, कोणाकडून, अंदाजे केव्हा. दुसरा रकाना निम्मा कोराच राहिला, तिसरा त्याहून अधिक. एकूण चौसष्ट नोंदी झाल्या. सोललेल्या मटारच्या अकरा पिशव्या. जानेवारीत मटार स्वस्त झाला की मीच पाच-पाच किलो आणतो, आणि मागच्या जानेवारीचा संपलेला नसतो. खोवलेल्या नारळाचे डबे. कैरीचा गर. हुरडा. लिंबाच्या रसाचे बर्फाचे खडे. होळीचे पुरण, पण यंदाच्या की गतसालच्या होळीचे, यावर आमचे एकमत होईना. हिरव्या वाटणाचे सहा डबे, त्यांतला एक पुदिन्याचा निघाला. केकचे नऊ तुकडे. चिकाच्या दोन बाटल्या. सुरमई. बांगडे. मटण. आणि ज्यांना कोणतेही नाव देता येईना, अशा सात करड्या पुरचुंड्या.

थंडीमुळे अन्नाचे काय होते, याविषयी आपल्या घरांत दोन टोकाच्या समजुती आहेत. एक म्हणजे फ्रीझरमध्ये ठेवलेले कधीच खराब होत नाही. दुसरी म्हणजे महिन्याभराचे झाले की ते विष. दोन्ही खऱ्या नव्हेत. उणे १८ अंश सेल्सिअसला अन्न नासवणारे जंतू मरत नाहीत, ते निजतात. तोवर अन्न नासत नाही. पण त्याची चव आणि पोत हळूहळू उतरत जातात. बर्फ सरळ हवेत उडून जाते आणि मांसाच्या उघड्या कडा सुकून पांढुरक्या होतात. चरबी मात्र थंडीतही खवट होते, म्हणून तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांपलीकडे ठेवण्यात अर्थ नसतो, तर कोंबडीचे तुकडे सात-आठ महिने सहज टिकतात. आणि एकदा बाहेर काढून पार वितळू दिलेले पुन्हा आत ढकलायचे नाही, कारण निजलेले जंतू तेवढ्यात जागे होऊन कामाला लागलेले असतात. वितळवायचेही ओट्यावर नव्हे, तर रात्रभर साध्या फ्रीजच्या खालच्या खणात.

क्लॅरेन्स बर्ड्झाय नावाचा एक अमेरिकन गृहस्थ १९१२च्या सुमारास लॅब्राडोरच्या बर्फाळ मुलुखात राहायला गेला होता. तेथले इनुइट लोक पाण्यातून काढलेला मासा त्या कडाक्याच्या वाऱ्यात धरत, तो क्षणात गोठे, आणि महिन्यांनी वितळवला तरी ताजा लागे. झपाट्याने गोठले की बर्फाचे कण बारीक राहतात आणि मांसाच्या पेशी फाटत नाहीत, हे त्याने तेथे ओळखले. पुढे त्यावर यंत्रे बनवली, आणि १९३० साली मॅसेच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे गोठवलेल्या पदार्थांची विक्री सुरू झाली. आपल्याकडे गोदरेजचा पहिला फ्रीज निघाला तो १९५८ साली. एवढ्या थोड्या काळात ही पेटी घोटीपर्यंत पोहोचली, हे नवल खरेच. आमच्या फ्रीझरात मात्र झपाट्याने काहीच गोठत नव्हते. आत हवा खेळायलाही जागा उरली नव्हती.

आम्ही ठरवले की दूध, कांदे-बटाटे आणि पालेभाजी यांखेरीज बाजारातून काही आणायचे नाही. पेटी रिकामी होईपर्यंत पेटीतलेच खायचे. मटारपासून सुरुवात झाली. मटारची उसळ, मटारभात, मटारच्या करंज्या, मटारचे पिठले. अकराव्या दिवशी मी हिरवा रंग दिसताच डोळे मिटू लागलो. नारळाच्या चवाचा येथल्याच इंद्रायणी तांदळात नारळीभात केला, तो मात्र अप्रतिम झाला. हुरडा भाजून होण्यापलीकडे गेला होता, म्हणून मावशींनी तो वाटून थालीपिठे लावली. चिकाचा खरवस दोन वाड्यांवरच्या मुलांना पुरला. कैरीच्या गराचे पन्हे वैशाखाच्या उन्हात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने प्यायले. टपाल घेऊन येणारा गृहस्थ तर पत्र नसतानाही दोनदा डोकावून गेला. केकचे तुकडे दुधात भिजवून पुन्हा भाजले. शिळ्या कढीला ऊत आणण्याची म्हण आपण हिणवून वापरतो, पण त्या महिन्यात ऊत आणण्याचे कसब काय असते ते मी पाहिले.

सगळेच वाचले नाही. सुरमई दोन वर्षांपूर्वीच्या यात्रेतली होती. झाकण उघडताच खवट तेलाचा वास आला. बांगडे तसेच. त्या सात पुरचुंड्यांपैकी पाच चिकूच्या झाडाखाली खड्डा करून पुरल्या. कोणीतरी पहाटे वसईहून निघताना बर्फ फोडून, डबा दोनदा बांधून ती मासळी आणली असेल. त्यांची नावेही मला आठवेनात. दफनाच्या नोंदी ठेवणारा मी, त्या खड्ड्यावर माती ढकलताना वही मुद्दाम घरात ठेवून आलो होतो.

या दिवसांत एकदा भावलीच्या बाजूला एका वाडीवर आजारी माणसाला भेटायला गेलो. घरात अंधार, कोपऱ्यात बांबूची शेणाने सारवलेली कणगी. घरच्या बाईने वाकून आत हात घातला आणि कोपराच्या किती खाली भात लागतो ते पाहून म्हणाली, "आखाडापतोर पुरंल. मंग बगू." तिचे 'मंग बगू' आणि माझे 'नंतर बघू' हे शब्द जवळजवळ एकच, पण तिला तळ कोठे आहे ते हाताने कळत होते. आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने कशावर काढायचे, याचा हिशोब वैशाखातच होतो. भात किती, नागली किती, सुकट किती, मीठ-मिरची किती. या साठ्याला बेगमी म्हणतात. तो कशासाठी आहे आणि केव्हा संपणार आहे, हे ठेवतानाच ठरलेले असते. माझ्या पेटीतल्या साठ्याला असे कोणतेच 'केव्हा' नव्हते. इस्राएल लोकांनी रानात दुसऱ्या दिवसासाठी मान्ना लपवून ठेवला आणि त्यात किडे पडले, हा उतारा मी कितीदा समजावून सांगितला असेल. किडे पडत नाहीत अशी पेटी मिळाल्यावर मोशेच्या लोकांनी काय केले असते, हा प्रश्न मला कोणी सेमिनरीत विचारला नव्हता.

आता राहिलेल्या दोन पुरचुंड्यांविषयी. एकीत आंबोळीचे पीठ निघाले, ते सोडा. दुसरी काळ्या पिशवीत, आत वर्तमानपत्र, आणि भोवती सुताडी लुगड्याच्या काठाची हिरवी चिंधी घट्ट बांधलेली. मावशींनी ती ओट्यावर ठेवली. मी चिंधी पाहिली आणि माझे लिहिणे थांबले.

नाताळच्या दोन दिवस आधी आमच्या धर्मग्रामातील एक आजी ही पुरचुंडी घेऊन आल्या होत्या. त्या एकट्या राहतात; मुलगा सातपूरला कारखान्यात आहे. तीन-चार कोंबड्या आणि एक कोंबडा एवढेच त्यांचे गोधन. तो कोंबडा त्यांनी कापून, साफ करून, हळद-मीठ लावून आणला होता. "फादर, सणाला खावा," म्हणाल्या. त्या आठवड्यात मला चार घरची आमंत्रणे होती. मी पुरचुंडी पेटीत ठेवली. जानेवारीत एका रविवारी मिस्सानंतर त्यांनी मला दारात गाठले.

"फादर, कोंबडा कसा लागला?"

माझ्या मागे माणसांची रांग होती. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "फार छान, आजी. अगदी लुसलुशीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, "बरं झालं," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

कोंबड्याच्या निमित्ताने खोटे बोलण्याचा मान पेत्रानंतर माझ्याकडे यावा, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आले नाही. ध्यानात आले ते ओट्यावर ती हिरवी चिंधी पाहून. मावशी माझ्याकडे पाहत होत्या. त्या रविवारी त्या रांगेतच उभ्या होत्या.

"पाच महिने झालेत," त्या म्हणाल्या, "कोंबडी टिकते." आणि भांडी वाजवली नाहीत.

दोन दिवस मी स्वतःशी वाद घातला. आजींना यातले काहीच ठाऊक नाही. त्यांना आनंद झाला आहे. तो आनंद मोडण्यात कोणाचे भले? कोंबडा आता शिजवून खाल्ला की माझे वाक्य खरेच होईल, केवळ थोडे उशिरा. असले युक्तिवाद माझ्यासमोर पापनिवेदनाला आलेल्या कोणी केले असते तर मी ते किती सौम्यपणे बाजूला सारले असते, हेही मला दिसत होते. तरी ते मला पटत होते, हे विशेष.

अखेर बुधवारी रात्री पुरचुंडी खालच्या खणात वितळायला ठेवली आणि गुरुवारी सकाळी मावशींनी सुके खोबरे, कांदा भाजून, घरचा काळा मसाला घालून रस्सा केला. कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या तरी मांस हाडाला धरून होते. पुन्हा सहा केल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "दगड शिजवला असता तर आतापर्यंत मऊ झाला असता." मी डबा घेतला, बाजरीच्या चार भाकरी फडक्यात बांधल्या आणि आजींच्या घरी गेलो.

त्या अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठू लागल्या. मी त्यांना बसवले, शेजारी बसलो आणि सांगितले. फार शब्द लागले नाहीत. कोंबडा खाल्लाच नव्हता, फ्रीझरमध्ये विसरलो, विचारलेत तेव्हा खोटे बोललो, क्षमा करा.

त्यांनी हातातली सुकट सुपात टाकली.

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"त्याला चार वर्सं झालती, फादर. पहाटं त्याच्या आरवण्यानं मी उठायची. म्हातारा कोंबडा त्यो. लुसलुशीत कुठनं लागंल?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला वाटलं, कुणाला देऊन टाकला आसंल. देऊन टाकला आसंल तर ठीक हाय म्हटलं."

एवढे महिने दर रविवारी त्या माझ्या हातून ख्रिस्तप्रसाद घेत होत्या आणि त्यांना ठाऊक होते. मला बोलायला काही सुचेना. त्यांनीच डबा उघडला, वास घेतला, आतून दोन ताटल्या आणल्या. आजींच्या तोंडात दात उरलेत तीन-चार. त्यांनी मांसाला हात लावला नाही. भाकरी कुस्करून रश्शात भिजवली आणि सावकाश खाल्ली. मांस सगळे माझ्या ताटलीत वाढले. मी ते चावत बसलो. चावायला खरोखरच फार वेळ लागला, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

"कसा लागला?" त्यांनी विचारले.

"कडक आहे, आजी. पण चव चांगली आहे."

"मसाला मावशीचा हाय," त्या म्हणाल्या.

डबा धुऊन देताना त्यांनी चिंधीची चौकशी केली. सुदैवाने ती मी खिशात ठेवली होती. त्यांनी ती घेतली, आत गेल्या, आणि तीच चिंधी बांधलेली कागदाची पुडी माझ्या हातात दिली. आत चार अंडी होती.

"ठिवू नका," म्हणाल्या.

मिशनघरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मावशी जायला निघाल्या होत्या. पुडी पाहून त्यांनी पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि पातेल्यात पाणी चढवले. वीज नव्हती. पेटी गप्प होती. तिच्यात आता मटारच्या दोन पिशव्या तेवढ्या उरल्या होत्या. आम्ही कंदिलाच्या उजेडात दोन-दोन अंडी खाल्ली.